दिवे घाट

२०१९च्या जुलैतली गोष्ट. माउलींची पालखी सासवडहून पुढे जाऊन आठवडा झाला असेल. तात्यांचा सकाळी फोन आला. मार्केट यार्डात माल उतरवून ते चहाच्या टपरीवर बसले होते.

"दिवे मंद झालेत रे गाडीचे. बघ जरा काहीतरी."

तात्या म्हणजे माझे वडील. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. गाडी म्हणजे १९९९ सालची टाटा ४०७. आमच्याकडे तिला कुणी ट्रक म्हणत नाही, टेम्पोही म्हणत नाही. ती 'चारशे सात'. सासवडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून संध्याकाळी माल भरायचा, रात्री दीडच्या सुमाराला निघायचं, दिवे घाट उतरून वडकी, फुरसुंगी, हडपसर करत पहाटेच्या आधी गुलटेकडीला पोचायचं. पावसाळ्यात वाटाणा, मग सीताफळ, थंडीत अंजीर. वीस वर्षं हाच रस्ता आणि हीच वेळ.

फोनवर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, पण जाता जाता, जणू महत्त्वाची नाही अशी. घाटात एका वळणानंतर पंक्चर झालेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. चाकाशी एक माणूस उकिडवा बसला होता. "अगदी जवळ गेल्यावर दिसला. गाडी दाबली म्हणून वाचला." एवढं बोलून त्यांनी वाटाण्याचा भाव सांगितला.

ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरं. त्यामुळे दोष कुणाचा, हा प्रश्न आमच्यापुरता तिथेच मिटला. उरला तो प्रश्न आमच्या दिव्यांचा. आणि तो मला फार आवडला, हे कबूल केलं पाहिजे. मी डिप्लोमा केलेला माणूस. हातात पाना घ्यायला कारण मिळालं की सुखावणारा. प्रोजेक्टर दिव्यांचे व्हिडिओ मी तेव्हा वर्षभर नुसतेच बघत होतो.

पुढच्या रविवारी तात्या गाडी घेऊन हडपसरला आले आणि आम्ही नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा सुटा भाग शोधायचा तर अजूनही पाय तिकडेच वळतात. तिथल्या एका बोळात एक म्हातारे वायरमन बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी प्रोजेक्टरचं बोलायला लागलो तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. आधी तात्यांना इंजिन चालू करायला सांगितलं, मीटर काढला आणि बॅटरीच्या टोकांवर लावला. १३.८ व्होल्ट. मग हेडलाइटचा होल्डर सैल करून, बल्ब पेटलेला असतानाच, त्याच्या मागच्या पिनांवर लावला. ११.

"बघा. वाटेत पावणेतीन व्होल्ट खाल्ले कुणी?"

खाल्ले होते वीस वर्षांच्या वायरींनी. आमच्या गाडीत दोन्ही दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, तिथून डिपरच्या दांडीतून आणि मग पुढे असा फिरून जात होता. प्रत्येक जोडावर थोडा गंज, थोडी काजळी. अर्थची वायर बॉडीला जिथे बसवली होती तिथे तर पत्र्याचा नुसता तांबूस भुगा उरला होता. हॅलोजन बल्बचा हिशेब सरळ नसतो. व्होल्टेज एक पंचमांश कमी झालं तर प्रकाश एक पंचमांश कमी होत नाही, तो निम्म्याच्याही खाली येतो. तार कमी तापते आणि उजेड पिवळा, मरगळलेला पडतो.

"रिले लावा," चाचा म्हणाले. "स्विचनं फक्त हुकूम द्यायचा. करंट बॅटरीतून जाड वायरनं थेट दिव्याला. अर्थ घासून नवा करा. त्याच्यानंतर सांगा मला, उजेड कमी पडतो का."

साडेसहाशे रुपयांत आणि दोन तासांत काम झालं. बल्बच्या पिनांवर आता १३.४ दिसत होते. मला बोळातल्या भिंतीवर, भर दुपारीसुद्धा, फरक दिसत होता. रात्रीच्या फेरीनंतर मी उत्सुकतेनं फोन केला.

"बरंय," तात्या म्हणाले. "पण मंदच वाटतात अजून."

इथे मी थांबायला हवं होतं. प्रकाश जवळजवळ दुप्पट झाला होता आणि ज्या माणसासाठी तो केला त्याला फरक कळला नव्हता. यातून मी निष्कर्ष काढला तो एवढाच, की अजून प्रकाश हवा.

आता थोडं दिव्यांबद्दल सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

जुन्या गाड्यांतला एच-४ बल्ब हा तसा हुशार बल्ब आहे. एकाच काचेत दोन तारा, १२ व्होल्टच्या बल्बला ६० आणि ५५ वॉटच्या. डिपरच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तो उजेड रस्त्यावर खाली फेकतो. अप्पर लावला की दुसरी तार पेटते, तिच्याखाली वाटी नाही. सगळा खेळ तार मिलिमीटरच्या हिशेबात जागच्या जागी असण्यावर आहे. म्हणून अशा रिफ्लेक्टरमध्ये कुणी बाजारातला एलईडी किंवा एचआयडी बल्ब नुसता खुपसला, की उजेड वाढतो पण सगळीकडे उधळतो. पुण्याच्या रस्त्यांवर रात्री आपल्या डोळ्यांत जी पांढरी आग जाते तिच्यामागे बऱ्याचदा हे असतं.

प्रोजेक्टरची रीत वेगळी. त्यात रिफ्लेक्टर लंबवर्तुळाकार असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात, हे आपण शाळेत शिकून विसरतो. एका नाभीवर बल्ब ठेवला की त्याचा उजेड दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतो. तिथे पत्र्याची एक आडवी पट्टी उभी करतात आणि पट्टीच्या पुढे जाड बहिर्गोल भिंग. भिंग प्रतिमा उलटी करतं. पट्टीनं खालचा उजेड अडवला की भिंतीवर वरची बाजू काळी पडते. वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. अप्पर हवा असेल तेव्हा छोटी विद्युतचुंबकी कॉइल ती पट्टी खाली ओढते.

ही रेघ सरळ आडवी नसते. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून डाव्या बाजूला रेघ थोडी वर चढते. कडेनं चालणारा माणूस, मैलाचा दगड, खड्ड्याचा काठ दिसावा म्हणून. उजव्या बाजूला ती खालीच राहते, कारण तिकडे समोरून येणाऱ्याचे डोळे असतात. युरोपीय नियमांत, ज्यांच्या धर्तीवर आपली मानकं बेतलेली आहेत, हॅलोजन दिव्याची परीक्षा २५ मीटरवरच्या पडद्यावर घेतात. समोरच्या चालकाचा डोळा जिथे येईल त्या बिंदूवर ०.४ लक्सपेक्षा जास्त उजेड चालत नाही. आपल्या बाजूच्या कडेला, ७५ मीटर पुढच्या रस्त्यासाठी ठरवलेल्या बिंदूवर, तोच दिवा किमान १२ लक्स देणारा हवा. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे माझ्या दिव्यातून समोरच्याच्या डोळ्यात फार तर दीड पौर्णिमेइतका उजेड जावा, अशी अपेक्षा आहे. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांच्या अशाच चाचण्या करते. आपण त्या टेकडीवर फिरायला जातो आणि तिला एआरएआय टेकडी म्हणतो. ती अक्षरं कशाची, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

आपल्याकडचा कायदाही याबाबत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम सांगतो, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्या माणसाचा डोळा असेल, तो दिपता कामा नये. मला या वाक्याची गंमत वाटते. नियम कुणाचं नाव घेत नाही, पण त्या अंतरांवर एक माणूस उभा करतो. बहुधा दुचाकीवरचा. आणि मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करायला मनाई करतं. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते कलम पुन्हा ठामपणे सांगितलं होतं. हे सगळं मी वाचलं होतं. वाचूनही मी काम हाती घेतलं. बापाला दिसत नाही, यापुढे बाकी सगळं मला फालतू वाटत होतं. शिवाय काम करायची हौस होतीच.

ऑगस्टमध्ये सामान जमवलं. प्रोजेक्टरचा जोड, ३५ वॉटचे एचआयडी बल्ब, त्यांचे बॅलास्ट. हा बल्ब पेटताना बॅलास्ट त्याला वीस हजार व्होल्टच्या आसपासचा झटका देतो, म्हणून वायरिंगला हात लावताना जपावं लागतं. एच-४ची डिपरची तार साधारण १,००० ल्युमेन देते, हा बल्ब ३,२०० च्या घरात. आमच्या जुन्या दिव्यांच्या काचेवर उभ्या धारा होत्या. त्या धारांमागे प्रोजेक्टर बसवला तर कापलेली रेघ पुन्हा विस्कटते, म्हणून साध्या काचेचे दोन दिवे वेगळे घेतले.

काच आणि मागचा डबा काळ्या ब्युटाइल गमनं चिकटवलेले असतात. गम मऊ करायला ऊब लागते. बायकोनं केकसाठी घेतलेला ओटीजी मी १०० अंशांवर ठेवला आणि दिवे एकेक करून दहा-दहा मिनिटं भाजले. मग स्क्रूड्रायव्हरनं कडा उचलत, हातमोज्यांतून बोटं पोळत, काच सोडवली. घरात दोन दिवस रबराचा वास होता. मुलीच्या वाढदिवसाचा केक त्या वर्षी विकत आणला. ओटीजी अजून आहे, पण त्यात काही करायचं म्हटलं की बायको माझ्याकडे बघते.

प्रोजेक्टर पुढून घालायचा, त्याचा आट्यांचा दांडा एच-४च्या भोकातून मागे काढायचा आणि मागून रिंग आवळायची. लिहायला सोपं आहे. रिंग आवळताना प्रोजेक्टर अंशभर फिरतो आणि रेघ तिरकी होते. पहिला दिवा जुळवायला मला एक अख्खा रविवार लागला. अंधार पडल्यावर बॅटरी जोडून सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर बघितलं. रेघ सुंदर होती. कडेला निळसर झाक. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. मग लक्षात आलं, की ती उजवीकडे वर चढतेय.

प्रोजेक्टर उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला होता. मी तो तसाच बसवला असता तर घाटात समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात नेमका, मोजून, भिंगातून गोळा केलेला उजेड मारला असता. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. चाचांना दाखवला तर ते हसले. "हे उलट्या मुलुखाचं आहे. परत द्या." जोड बदलून घ्यायला आठशे रुपये वर गेले आणि पुन्हा दोन रविवार.

सप्टेंबरच्या मध्यावर दिवे गाडीवर चढले. आता उरलं होतं लेव्हल करणं. मालवाहू गाडीत ते मोटारीसारखं सोपं नसतं. माल भरला की मागचे पाटे दबतात, गाडीचं नाक वर होतं आणि दिवेही वर बघतात. ४०७च्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण तीन मीटर अंतर. मागची बाजू पाच सेंटिमीटर खाली गेली तरी उजेडाची रेघ दर मीटरला दीड सेंटिमीटरहून जास्त वर उचलली जाते. डिपरला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार देतात. म्हणजे रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला डिपर भरलेल्या गाडीत समोरच्याच्या तोंडावर जातो. परदेशात इतक्या तेज दिव्यांना आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा सक्तीची आहे, ती याच कारणासाठी. आमच्याकडे ती नव्हती. म्हणून मी भरलेल्या गाडीवर लेव्हल करायचं ठरवलं.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत नुकतीच पांढरी केलेली होती. संध्याकाळी सीताफळांचे क्रेट भरून झाल्यावर तात्यांनी गाडी भिंतीसमोर दहा मीटरवर आणून लावली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर. दहा मीटरवर पंधरा सेंटिमीटर उतार द्यायचा, म्हणजे रेघ भिंतीवर ७५ सेंटिमीटरवर हवी. असा उजेड सपाट रस्त्याला साठ मीटरवर टेकतो. घाटात चाळीसच्या वेगाला तेवढं पुरतं. येताना रिकामी गाडी खाली बघत येणार, पण येणं दिवसाचं.

अंधार पडला. दिवे लावले. गावातली पोरं जमली, सिनेमा असल्यासारखी. मी बॉनेटपाशी स्क्रू फिरवत होतो. तात्यांना म्हटलं, "तुम्ही भिंतीपाशी उभे राहा. रेघ आत्ता कुठे आहे तिथे खडूनं खूण करा."

ते गेले. खडू घेऊन उभे राहिले. हात भिंतीवर वर-खाली फिरला.

"कुठंय रेघ?"

"अहो, समोर. जिथे उजेड संपतो तिथे."

"संपतो कुठं? पसरलाय की सगळा."

मला वाटलं, भिंतीच्या फार जवळ उभे आहेत. चार पावलं मागे यायला सांगितलं. तरी तेच. शेवटी शेजारच्यांच्या चौथीतल्या पोरानं त्यांच्या हातातला खडू घेतला आणि एका दमात बरोबर रेघेवर खडू ओढला. पोरं हसली. तात्याही हसले. "चष्म्याची काच घाण झालीय," म्हणाले आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले.

मीही हसलो. मग उरलेला स्क्रू फिरवला. ज्या रेघेसाठी मी दीड महिना आणि आठ-नऊ हजार रुपये घातले होते, ती माझ्या वडिलांना दिसत नव्हती. हे माझ्यासमोर, भिंतीवर, पांढऱ्यावर काळं घडलं होतं. आणि मी दुसऱ्या दिवशी चाचांना फोन करून सांगितलं, की लेव्हल एक नंबर झाली.

तात्यांना नवे दिवे आवडले. यार्डात ते इतर गाडीवाल्यांना दाखवायचे. एकदोघांनी माझा नंबर घेतला. "आता कसं, दिवसासारखं," असं ते म्हणायचे. मला तेवढं पुरेसं होतं.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, मी एका रात्री त्यांच्याबरोबर गेलो. क्लीनर आजारी होता. लहानपणी सुट्टीत जायचो, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्याबरोबर कॅबिनमध्ये बसलो असेन. पावणेदोनला निघालो. दिवे गाव मागे टाकून घाटाच्या तोंडाशी आलो. खाली उजवीकडे-डावीकडे वळणागणिक पुण्याचा उजेड दिसत-लपत होता. आमचे दिवे खरंच चांगले पडत होते. कठड्याचे दगड मोजता येत होते.

पहिली गाडी समोरून आली. एक मोटार, अप्परवर. तात्यांनी डिपर मारला, तिनं दाद दिली नाही. तात्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि वेग एकदम कमी केला. मोटार गेली. पण वेग लगेच वाढला नाही. ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, त्या चालकाला शिव्या देतायत. दुसरी गाडी आली, पुन्हा तसंच. या वेळी मी नीट ऐकलं. ते आकडे मोजत होते.

"काय मोजताय?"

"काही नाही. गाडी गेली की पाच मोजायचे. मग दिसतं."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत रस्ता पाठ आहे की."

ते हे अगदी साधेपणानं म्हणाले. थंडीत गाडी सुरू करायची एक युक्ती सांगावी तसं. कधीपासून मोजताय, असं विचारलं तर म्हणाले, आधी दोन मोजायला लागायचे, मग तीन. मागच्या वर्षी चार.

मी खिडकीतून बाहेर बघत हिशेब केला. करायचा नव्हता, पण झाला. चाळीसच्या वेगात सेकंदाला अकरा मीटर. पाच सेकंदांत पंचावन्न. तेवढं अंतर माझे वडील वेग कमी करून का होईना, पण पाठांतरावर गाडी चालवत होते. रस्ता पाठ असतो. रस्त्यावर चाकाशी बसलेला माणूस पाठ नसतो. मी बसवलेल्या दिव्यांनी यातलं काहीच बदललं नव्हतं. उलट, आपल्याला आता चांगलं दिसतं, असा भरवसा मात्र त्यांना दिला होता.

वडकीच्या अलीकडे सपाटीवर आल्यावर मी गाडी थांबवायला सांगितली आणि उरलेला रस्ता मी चालवली. त्यांनी विरोध केला नाही. हे मला जास्त लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला दहा मिनिटंही घेतली नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यातला चांगलाच पिकलेला. त्यांनी जे समजावलं ते मला दिव्यांच्या भाषेत लगेच कळलं. साठीतल्या निरोगी माणसाच्याही दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. मोतीबिंदूत ते भिंग गढूळ होतं आणि येणारा उजेड आतल्या आत विखुरतं. म्हणजे माझ्या जुन्या दिव्यांच्या काचेवर ज्या धारा होत्या, तशा धारा तात्यांच्या डोळ्यांत होत्या. मी गाडीच्या काचा बदलल्या.

"परवान्याच्या वेळी डोळे तपासले नव्हते?" बाईंनी विचारलं. मालवाहतुकीच्या परवान्याचं नूतनीकरण करताना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. तात्यांकडे ते होतं. सही होती, शिक्का होता. तक्ता कुणी वाचून घेतला नव्हता. तात्यांनीही आपणहून काही सांगितलं नव्हतं. सांगून गाडी उभी राहिली असती. आणि गाडी उभी राहिली तर सदुसष्टाव्या वर्षी आपण कोण, हा प्रश्न त्यांना डोळ्यांपेक्षा मोठा वाटत असणार. मला राग आला होता, पण कुणावर काढावा ते कळेना. चार महिने मी त्यांच्या एका तक्रारीवर काम करत होतो आणि त्यात एकदाही मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. मंद वाटतात, असं ते म्हणत होते. 'वाटतात' हा शब्द मी ऐकलाच नव्हता.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया २०२०च्या जानेवारीत झाली. डाव्याची तारीख मार्चअखेरची होती, ती टाळेबंदीत गेली आणि ऑक्टोबरात झाली. मधल्या काळात रात्रीची गाडी चुलतभावाचा मुलगा चालवत होता.

उजव्या डोळ्याची पट्टी निघून महिना झाल्यावर एका संध्याकाळी मी गावी गेलो. पोराला माल घेऊन निघायचं होतं, त्यानं अंगणात गाडी चालू करून दिवे लावले. तात्या ओट्यावर बसले होते. गाडी वळली तसा उजेड त्यांच्या अंगावरून गेला. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"हे कुठले दिवे?"

"आपलेच. मी बसवलेले."

"एवढे पांढरे आहेत?" ते उठून गाडीपुढे आले. एकदा दिव्याकडे बघितलं, लगेच मान फिरवली. "मला पिवळे वाटायचे." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "काढ ते. समोरून येणाऱ्यानं काय करायचं?"

मी रेघ समजावून सांगायला लागलो. उजेड वर जात नाही, समोरच्याच्या डोळ्याला लागत नाही, भिंतीवर मोजलंय. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "खड्ड्यात चाक गेलं की गाडी नाक वर करते. तेव्हा कुठं जाते तुझी रेघ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भिंतीसमोर गाडी उभी असते. घाटात ती उसळत असते. ते पुढे सांगायला लागले, की एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआऊट असताना गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवून घ्यायचे. तेव्हा ते एका ट्रकवर क्लीनर होते, पोरसवदा. त्यांच्या उस्तादांनी लढाई संपल्यावरही काचेच्या मधोमध रुपयाएवढा काळा ठिपका ठेवला होता. समोरच्याला त्रास नको म्हणून. "आपल्याला थोडं कमी दिसायचं. पण मग आपण हळू जायचो."

मार्चमध्ये पासिंग होतं. त्याआधी मी मूळ दिवे परत बसवले. धारांच्या काचेचे, एच-४ बल्बचे. चाचांनी लावलेला रिले तेवढा ठेवला. तो आजही सगळ्यांना सांगतो, ज्यांनी तेव्हा माझा नंबर घेतला होता त्यांनाही. आधी मीटर लावा, अर्थ घासा, रिले बसवा, काच पुसा, भरलेल्या गाडीवर लेव्हल करा. एवढ्यानं भागलं नाही तर डोळे तपासून या. त्यातल्या एकानं फोन करून सांगितलं, की त्याला पण निघाला. दोघांनी पुन्हा फोन केला नाही.

तात्यांनी दोन्ही डोळे झाल्यावर वर्षभर दिवसाची भाडी केली. मग चारशे सात विकली. प्रोजेक्टरचा जोड माझ्याकडे माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्या चार महिन्यांत घाटात काही झालं नाही. आम्ही कुणाला मारलं नाही आणि आमचं कुणी गेलं नाही. यात माझी कसलीही हुशारी नाही.

मी आता एक्कावन्नचा आहे. मागच्या आठवड्यात सासवडहून रात्री एकटाच परत येत होतो. घाटाच्या मधल्या वळणावर एक गाडी आली, अप्परवर. ती गेल्यावर मी सवयीनं वेग वाढवायला गेलो आणि थांबलो. मनात मोजले. दोनला रस्ता परत आला.

सोमवारची वेळ घेतली आहे.